विहिरीच्या पाण्याची खतावणी

पावसाळा संपून विहिरी भरल्या, कीं शेतकरी कांठावरून आंत डोकावतो आणि त्या एका दृष्टिक्षेपावर पुढील सबंध वर्षाचा बेत ठरवितो. कोणी उसाचें बेणें आणतो, कोणी संत्र्याची नवी बाग धरतो. पुढें फाल्गुन-चैत्रांत विहिरीनें तळ दाखविला म्हणजे दोष पर्जन्याच्या माथीं मारला जातो. गांवचा लहानसा दुकानदारदेखील खतावणी पाहिल्यावांचून उधारी वाढवीत नाहीं. मग ज्या पाण्यावर आमची बागायत उभी आहे त्याचा हिशेब आम्ही केवळ नजरेनें करावा, हें आम्हांस बरें वाटत नाहीं.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा आहे. या कातळांत पाणी सांठतें तें मुरमाच्या थरांत व खडकाच्या भेगांत. अशा थराच्या आकारमानाच्या मानानें सामान्यतः शेंकडा एक ते तीन भाग इतकेंच पाणी विहिरीस मिळूं शकतें. शेंकडा दोन धरून हिशेब करूं. एक हेक्टर जमिनीखालची पातळी एक मीटर उतरली, तर हातीं आलेलें पाणी 200 घनमीटर, म्हणजे तेवढ्याच शेतावर अवघें दोन सेंटिमीटर. सहा सेंटिमीटरांची एक पाळी दिली कीं तीन मीटर पातळी खर्चीं पडली! त्यांतील कांहीं पाणी परत मुरतें हें खरें. तथापि आश्विनांत तुडुंब दिसणारी विहीर किती लवकर रिती होते, हें या आंकड्यांवरून ध्यानांत यावें.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1972 सालीं स्थापन झाली. सुमारें दीड हजार पाणलोट क्षेत्रांतील साडेतीन हजारांहून अधिक निरीक्षण विहिरींची पातळी ती वर्षांतून चार वेळां मोजते. जळगांव जिल्ह्यांतील यावल-रावेरचा केळीचा मुलूख आणि अमरावती जिल्ह्यांतील वरूड-मोर्शीचा संत्र्याचा मुलूख येथील भूजलावर किती ताण पडला, हें ओळखण्यास अशा नोंदीच उपयोगीं पडल्या. परंतु एका पाणलोटास सरासरीनें दोन-तीनच विहिरी येतात. त्यांवरून मुलुखाची प्रकृति समजते. आपल्या शिवारास यंदा किती पीक झेपेल, हें समजत नाहीं. तें गांवानेंच पाहिलें पाहिजे.

यासाठीं फार खर्च नको. शिवाराच्या वरच्या, मधल्या व खालच्या अंगास, शक्यतों उपसा नसलेल्या, अशा पांच-सहा विहिरी निवडाव्या. प्रत्येकीच्या कठड्यावर एक कायमची खूण करून तेथूनच पाण्यापर्यंतची खोली मोजपट्टीनें मोजावी. जवळचे पंप बंद राहून पाणी स्थिर झाल्यावरच मोजावें. चालत्या पंपाशेजारीं घेतलेलें माप फसवें असतें. तिथि मागेंपुढें होते, म्हणून तारीख धरावी: 1 ऑक्टोबर, 1 जानेवारी, 1 मार्च व 15 मे. सोबत गांवच्या पावसाचाही आंकडा लिहावा.

अशी वही पांच-सात वर्षें चालली कीं ती बोलूं लागते. पाऊस कमी व ऑक्टोबरची पातळीही खोल, तर ती त्या वर्षाची तूट होय. पाऊस नेहमींसारखा असून ऑक्टोबरची पातळी पूर्ववत् येते, परंतु मे महिन्याची दरसाल खालीं जाते, तर उपसा वाढला असें समजावें. आणि चांगल्या पावसानंतरही ऑक्टोबरची पातळी पूर्वीच्या खुणेस पोहोंचेनाशी झाली, तर आम्ही मुद्दलास हात घातला आहे.

कोणी म्हणेल, मोजल्यानें पाण्याचा थेंबही वाढत नाहीं. त्यापेक्षां आणखी शंभर फूट बोअर घ्यावें. आमचें उत्तर असें कीं खोल बोअर पुष्कळदां शेजाऱ्याच्या विहिरीचेंच पाणी ओढतें, आणि खालच्या भेगांत वर्षानुवर्षें सांठलेलें पाणी उपसून वरची तूट कांहीं काळ झांकून ठेवतें. तें आटेल तेव्हां बाग वाळलेली असेल आणि बोअरचें कर्ज मात्र शिल्लक राहील.

अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें दुसरा मार्ग धरला. तेथें पाऊस व विहिरींची पातळी पाहून ग्रामसभेंत दरसाल पाण्याचा ताळेबंद मांडतात व त्यावरून पिकें ठरवितात. शेतीसाठीं बोअर घेण्यास गांवानेंच बंदी केली. हा निर्बंध सर्वांस पटण्यासाठीं आंकडा सर्वांसमोर असावा लागतो. बांध माझा-तुझा असला तरी खालचें पाणी बांध ओळखीत नाहीं.

म्हणून आमची सूचना एवढीच, कीं येत्या ऑक्टोबरपासून प्रत्येक गांवांतील सभासदांनीं ही वही सुरू करावी, आंकडे चावडीवर लावावे, आणि रब्बीचा बेत ते वाचल्यावरच करावा. ज्यास नवी बाग लावावयाची आहे त्यानें तर मे महिन्याचा आंकडा पाहिल्यावांचून खड्डाही घेऊं नये.