तळं दिसत तरी होतं

कुणी म्हणेल, पोटापाण्याचे प्रश्न पडलेत आणि हे लायब्ररीच्या कॅटलॉगवर लिहीत बसलेत. बसलोय. कारण आहे.

आपला एखादा पोरगा अंबरनाथ पश्चिमेहून लोकल पकडतो, दरवाज्यात लटकत दीड तास काढतो आणि मुंबईतल्या मोठ्या लायब्ररीत पोचतो. पूर्वी तिथं लाकडी ड्रॉवर असायचे, ड्रॉवरात कार्डं. प्राध्यापकानं ड्रॉवर ओढला काय नि मोलकरणीच्या पोरानं ओढला काय, कार्डं तीच. पुस्तक हातात पडायचं की नाही, ती गोष्ट वेगळी. आता कॉम्प्युटर आहे. नाव टाकलं की उत्तर येतं : नोंद नाही. पोरगा गप परत फिरतो.

पण नोंद नसतेच असं नाही. कधी कधी ती दाबलेली असते.

बऱ्याच लायब्रऱ्यांत 'कोहा' नावाची प्रणाली चालते. न्यूझीलंडमध्ये तयार झाली, फुकट मिळते, चांगली आहे. तिच्यात एक सोय आहे : ठरलेल्या रकान्यात १ टाकला की वाचकाच्या पडद्यावरून नोंद गायब. दुसरी सोय : झाकलेलं पुस्तक अमुक वर्गाच्या सभासदाला दिसेल, बाकीच्यांना नाही. हरवलेली-फाटलेली पुस्तकं झाकायला ठीक. पण मशीन कारण विचारत नाही. वरच्याला सगळी यादी, मधल्याला अर्धी, बाहेरच्याला उरलेली. पायरीखाली पायरी! ही रचना आम्हाला शिकवू नका. आम्ही तिच्यात जन्मलोय.

शूद्रानं वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळलेलं कथील नाहीतर लाख ओता, असं गौतम धर्मसूत्र सांगतं. पण त्या शूद्राला वेद आहे हे माहीत तरी होतं. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पाण्याला बंदी होती, पण तळं दिसत तरी होतं. दिसत होतं म्हणून मोर्चा निघाला. न दिसणाऱ्या तळ्यावर मोर्चा कसा न्यायचा?

१९५६ ला बाबासाहेब गेले. त्यांची हस्तलिखितं सरकारी ताब्यात पेट्यांत पडून राहिली. महाराष्ट्र सरकारनं पहिला खंड काढला १९७९ ला. 'रिडल्स'चा चौथा खंड १९८७ ला. म्हणजे ३१ वर्षं! राम-कृष्णावरच्या प्रकरणावरून शिवसेनेनं गदारोळ केला, सरकार डगमगलं. १९८८ ला आपले सगळे गट एक झाले, मुंबई निळी झाली आणि प्रकरण खंडात राहिलं. सरकारनं फक्त खाली टीप जोडली की या मतांशी आम्ही सहमत नाही. जोडा की! पान राहिलं ना? पण ते पान छापलेलं होतं, लोकांना ठाऊक होतं, म्हणून लढता आलं. नोंदच गुपचूप दाबली असती तर कशासाठी उतरलो असतो?

मग सगळंच उघडं टाकायचं का? नाही. अत्याचार झालेल्या बाईचं नाव झाकलंच पाहिजे. कुणी कुठलं पुस्तक नेलं हेही पोलिसाला सहज दिसता कामा नये. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू आदिवासींच्या संग्रहात कुणी काय पाहावं याचे नियम आहेत, पण ते त्यांच्या समाजानंच ठरवलेत. ज्याची जखम, त्याच्या हाती कुलूप. इथं मात्र कुलूप कुणाच्या हातात आहे हेच सांगत नाहीत.

म्हणून मागणी सरळ आहे. पुस्तक कपाटात ठेवायचं तर ठेवा, नोंद दाखवा. नोंदीखाली लिहा : बंद कुणी केलं, का केलं, कधीपर्यंत. नाव झाकायचं तर नाव झाका, अख्खी नोंद नको.

आणि पोरांनो, 'नोंद नाही' दिसलं तर गप परत फिरू नका. काउंटरवर जा आणि विचारा : नाही, की मला नाही?

जयभीम.