रक्तातच असतं म्हणे!

पुढच्या वेळी मॅच बघताना एक उद्योग करून बघा. खेळाडूंचं कौतुक कुठल्या शब्दांत होतंय तेवढंच कागदावर टिपायचं. फुटबॉल, बास्केटबॉल, ॲथलेटिक्स, काहीही चालेल. अर्ध्या तासात कागदावर दोन रकाने तयार होतात. एका रकान्यात: काय ताकद, काय वेग, निसर्गाची देणगी, वाघासारखा पळतो. दुसऱ्या रकान्यात: काय डोकं आहे, काय शिस्त, मेहनतीने इथवर आलाय. मग प्रत्येक नावासमोर त्याच्या कातडीचा रंग लिहा. काय दिसतं ते मी सांगायला नकोच.

आता कुणी म्हणेल, हे तुझ्या मनाचे खेळ. बरं, मग आकडे घ्या. २०२० साली रनरिपीट नावाच्या संस्थेने इंग्लंडच्या फुटबॉलपटूंच्या संघटनेबरोबर युरोपातल्या चार मोठ्या लीगमधल्या ८० सामन्यांची इंग्रजी कॉमेंट्री तपासली. एकूण २,०७३ विधानं. गडद रंगाच्या खेळाडूबद्दल बोलताना त्याच्या ताकदीचा उल्लेख होण्याची शक्यता गोऱ्या खेळाडूच्या साडेसहा पट, आणि वेगाचा उल्लेख होण्याची तिपटीहून जास्त. बुद्धीची, मेहनतीची स्तुती मात्र बहुतांशी गोऱ्यांच्या वाट्याला.

आणि ही फक्त साहेबाची खोड नाही हं. आपल्याकडे ऑफिसच्या लंच टेबलवर ऑलिंपिकचा विषय निघू दे. दोन मिनिटांत कुणीतरी डबा उघडता उघडता म्हणतोच, "अरे, त्या लोकांच्या रक्तातच असतं रे!" बोलणारा माणूस वाईट नसतो. त्याला वाटतं आपण कौतुक करतोय. माझं म्हणणं असं, की हे कौतुक म्हणजे सरळ सरळ चोरी आहे. एखाद्याच्या खात्यातला घाम काढून घ्यायचा आणि वर त्याचीच पाठ थोपटायची.

आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण घेऊ. वेस्ट इंडिज. आपल्या आधीची अख्खी पिढी ऐकत आली की हे लोक म्हणजे कॅलिप्सो क्रिकेट, हसत खेळत येतात, उपजत ताकदीने बॉल टाकतात नि टोलवतात. प्रत्यक्षात काय झालं? १९७५-७६ मध्ये याच "उपजत" संघाला ऑस्ट्रेलियात ५-१ असा सडकून मार बसला. क्लाइव्ह लॉइड त्या पराभवातून धडा घेऊन परतला. पुढे पॅकर सर्कसच्या काळात डेनिस वेट नावाचा ऑस्ट्रेलियन ट्रेनर संघाला मिळाला आणि तो तिथे दोन दशकांहून जास्त टिकला. बाकीचे देश फिटनेस म्हणजे काय हे शोधत होते, तेव्हा ही मंडळी रोज पळत होती, स्ट्रेचिंग करत होती. माल्कम मार्शलने १९८२ च्या एका इंग्लिश मोसमात हॅम्पशायरसाठी १३४ बळी घेतले. वेगवान गोलंदाजांच्या मानाने तो उंचही नव्हता. १३४ बळी रक्तातून येत नाहीत, त्यासाठी महिनोन् महिने दिवसाला वीस-पंचवीस ओव्हर टाकाव्या लागतात, आणि कुठल्या बॅट्समनला काय टाकायचं याचा हिशोब डोक्यात ठेवावा लागतो.

१९८० च्या न्यूझीलंड दौऱ्यानंतर थेट १९९५ पर्यंत हा संघ एकही कसोटी मालिका हरला नाही. आणि २०२३ च्या वर्ल्ड कपला? पात्रच ठरला नाही. पात्रता फेरीत स्कॉटलंडकडून हरला.

आता रक्तवाल्या मंडळींना माझा साधा प्रश्न: बेटं तीच, माणसं तीच, आजोबांचीच नातवंडं. मग रक्त गेलं कुठे? वीस-तीस वर्षांत जीन्स बदलत नाहीत. बोर्डाचा कारभार बदलतो, पैसा बदलतो, मैदानं बदलतात, पोरांच्या डोळ्यांसमोरचा हिरो बदलतो. एवढी साधी डीबगिंग आपण रोज करतो ना? कोड तोच आणि आउटपुट बदललं, तर आधी काय बघतो आपण? एन्व्हायर्नमेंट!

गंमत म्हणजे हे रक्ताचं शास्त्र दर पिढीला नवं रक्त शोधतं. १९२० च्या दशकात लांब पल्ल्याच्या शर्यतींवर फिनलंडचं राज्य होतं. एकट्या पाव्हो नुर्मीची नऊ ऑलिंपिक सुवर्णपदकं. १९३६ च्या बर्लिनमध्ये दहा हजार मीटरचं सोनं, चांदी आणि ब्राँझ तिन्ही फिनलंडला. तेव्हा लोक फिनिश वंशाच्या काटकपणाबद्दल लिहीत होते. आज तेच लेख नावं बदलून केनियावर लिहिले जातात. अमेरिकेत १९३० च्या दशकात बास्केटबॉलमध्ये ज्यू पोरांचा दबदबा होता, तेव्हा पॉल गॅलिको या नावाजलेल्या क्रीडा संपादकाने त्याचं कारण दिलं होतं ज्यूंचा वांशिक धूर्तपणा! पुढे ज्यू कुटुंबं शहरातल्या त्या गल्ल्या सोडून गेली, कृष्णवर्णीय कुटुंबं राहायला आली, आणि बास्केटबॉल हा "उड्या मारणाऱ्या" वंशाचा खेळ झाला. खेळ तोच, रिंगची उंचीही तीच.

"म्हणजे जीन्सचा काहीच संबंध नाही?" असं विचारणारा एक जण असतोच. आहे ना, संबंध आहे. साडेपाच फुटी माणूस एनबीएत सेंटर म्हणून खेळणार नाही. मायकेल फेल्प्सच्या हातांचा पसारा त्याच्या उंचीपेक्षा तीनेक इंच जास्त आहे, त्याचा त्याला फायदा झालाच असणार. पण बघा, फेल्प्सच्या बाबतीत आपण म्हणतो की त्याचं शरीर खास आहे. गोऱ्यांच्या रक्तातच पोहणं असतं, असं कुणी म्हणत नाही. तिथे आपल्याला लगेच स्विमिंग पूल, क्लब, कोच, पैसा हे सगळं दिसतं. बोल्ट आला की मात्र एका माणसाचं शरीर एकदम अख्ख्या वंशाचं होतं. जमैकाची लोकसंख्या तीस लाखांच्या आत, आणि तिथे शाळांच्या ॲथलेटिक्स स्पर्धा १९१० पासून भरतात, मोठ्या मॅचसारखी गर्दी होते, हे कुणाला सांगावंसंही वाटत नाही.

मध्यंतरी "वेगाचा जीन" म्हणून एसीटीएन-३ चा बराच गाजावाजा झाला. त्याचं काम करणारं रूप पश्चिम आफ्रिकी वंशाच्या जवळजवळ सगळ्यांकडे असतं, हे खरं. पण ते युरोपीय वंशाच्या दर पाचातल्या चौघांकडेही असतं! आणि केनियातही जवळपास सगळ्यांकडे असतं, तरी केनिया प्रसिद्ध आहे मॅरेथॉनसाठी. एकाच किल्लीने दोन वेगळी कुलपं उघडायला निघालेत लोक. मुळात आफ्रिकेतल्या माणसांमध्ये आपसात जेवढं जनुकीय वैविध्य आहे तेवढं उरलेल्या जगात मिळून नाही. रिफ्ट व्हॅलीतला धावपटू आणि जमैकाचा स्प्रिंटर यांना एका खोक्यात टाकायला "काळा" हे एकच लेबल लागतं. ते लेबल जीन्सचं नाही, आपल्या नजरेचं आहे.

या नजरेचा एक सुंदर प्रयोग १९९७ साली अमेरिकेत झाला. जेफ स्टोन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना कॉलेज बास्केटबॉलच्या मॅचची रेडिओ कॉमेंट्री ऐकवली. सगळ्यांना तीच टेप, तोच खेळाडू. फक्त काहींना सांगितलं तो कृष्णवर्णीय आहे, काहींना सांगितलं गोरा आहे. कृष्णवर्णीय समजून ऐकणाऱ्यांना त्याच्यात शारीरिक गुण जास्त दिसले. गोरा समजून ऐकणाऱ्यांना डोकं आणि जिद्द दिसली. टेप एक, माणूस एक. यापुढे मी काय बोलू?

"असू दे रे, एवढं काय मनावर घ्यायचं? चांगलंच तर बोलतायत." इथे मात्र माझं डोकं फिरतं. कारण "शरीर उपजत" या वाक्याच्या पोटात दुसरं वाक्य दडलेलं असतं: "डोकं आमचं."

१९८७ साली लॉस एंजेलिस डॉजर्सचा उपाध्यक्ष अल कॅम्पॅनिस टीव्हीवर शांतपणे म्हणाला की कृष्णवर्णीयांकडे बेसबॉल संघाचं मॅनेजर होण्यासाठी लागणाऱ्या काही गोष्टी बहुधा नसाव्यात. त्याची नोकरी गेली, पण तो बोलला ते सगळे मनात धरूनच बसले होते. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू. वॉरन मून १९७८ साली कॉलेजच्या मानाच्या रोझ बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी एनएफएलच्या एकाही संघाने त्याला ड्राफ्टमध्ये घेतलं नाही. पोझिशन बदल म्हणाले. तो कॅनडात गेला, तिथे सलग पाच वेळा ग्रे कप जिंकला, मग १९८४ मध्ये सन्मानाने परत आला. ज्यांना कॅनडा जमला नाही त्यांची नावं आपल्याला माहीतही नाहीत.

आणि या सगळ्यावर कडी ऐका. डोक्याला वारंवार मार बसून ज्या माजी खेळाडूंना स्मृतिभ्रंश झाला त्यांना नुकसानभरपाई देण्यासाठी एनएफएलने समझोता केला. कोणाची बुद्धी किती घसरली हे मोजायला जी पद्धत वापरली गेली, तिच्यात कृष्णवर्णीय माणसाची बुद्धी मुळातच कमी धरलेली होती! म्हणजे चाचणीत गोऱ्याइतकेच मार्क पडले तरी कृष्णवर्णीय खेळाडूची घसरण कागदावर कमी दिसणार आणि पैसे नाकारले जाणार. खेळाडू २०२० साली कोर्टात गेले, बोभाटा झाला, तेव्हा कुठे २०२१ मध्ये एनएफएलने हे बंद करण्याचं कबूल केलं. आपण सॉफ्टवेअरवाले आहोत, आपल्याला तरी हे कळायला हवं. "रक्तातच असतं" हे लंच टेबलवरचं वाक्य उद्या कुणाच्या तरी फॉर्म्युल्यात कॉन्स्टंट म्हणून जाऊन बसतं, आणि मग त्यावर कुणी वाददेखील घालत नाही. आउटपुट आलं ना, झालं.

हे अमेरिकेचं झालं, आपलं काय, असं म्हणून हात झटकू नका. पुण्याच्या जिमखान्यावर साहेबांना नेटमध्ये बॉलिंग टाकून टाकून पळवणकर बाळू तयार झाला. जातीने चांभार. बॉलिंग चालायची, कारण ते घामाचं काम. हातात बॅट मात्र कोणी दिली नाही. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. तेव्हाच्या भारतात त्याच्या तोडीचा स्पिनर नव्हता, पण हिंदूंच्या संघाचं कप्तानपद त्याला कधी मिळालं नाही. ते त्याच्या भावाला, विठ्ठलला, १९२३ साली मिळालं, तेही बऱ्याच भांडाभांडीनंतर. राबायला तू, डोकं चालवायला आम्ही. वंशाच्या जागी जात घाला, बाकी प्रोग्राम सेम टू सेम.

आणि आता हाच प्रोग्राम आपल्यावर चालतो तेव्हा कसं वाटतं ते आठवा. एका प्रोजेक्टवर क्लायंटच्या माणसाने कॉलवर आमचं तोंडभरून कौतुक केलं होतं: तुमची टीम फार कष्टाळू आहे, रात्रीबेरात्रीसुद्धा काम करते. पुढचं वाक्य, डिझाइन मात्र आमच्याकडेच राहू दे. कॉल संपल्यावर सगळी टीम धुमसत होती. का बरं? कष्टाळू म्हणणं ही काय शिवी आहे? नाही. पण "कष्टाळू" म्हणून त्याने आम्हाला एका खोक्यात टाकलं होतं, आणि त्या खोक्यात डोकं नव्हतं. कृष्णवर्णीय धावपटूला "उपजत" म्हणतात, आपल्याला "मेहनती" म्हणतात. शब्द उलटे, पण लीडरची खुर्ची दोन्ही वेळेला त्याच माणसासाठी राखून ठेवलेली.

आपण मात्र सोयीने दोन्हीकडून खेळतो. अमेरिकेतल्या देशी पोरांनी स्पेलिंग बी जिंकली की "आपल्या लोकांचं डोकंच तसं", आणि तेव्हा त्या पोरांचं वर्षानुवर्षांचं पाठांतर आपणच पुसून टाकतो. आपल्या पोराला नव्वद टक्के पडले तर मेहनत, दुसऱ्याच्या पोराला ॲडमिशन मिळाली तर कोटा. हिशोब फार सोपा आहे: ज्याला खाली ठेवायचं, त्याच्या यशाचं श्रेय त्याच्या स्वतःशिवाय कुणालाही द्यायचं. देवाला द्या, रक्ताला द्या, कोट्याला द्या.

म्हणून माझी मागणी तशी साधीच आहे. गोड बोला असं मी म्हणत नाही. फक्त सगळ्यांना एकच फूटपट्टी लावा. फेल्प्सचं शरीर बघताय तर त्याच्या वंशावर घसरू नका, तसंच बोल्टच्या बाबतीतही करा. गोऱ्या खेळाडूचा कोच, शाळा, पहाटेचा सराव शोधताय, तर केनियातल्या इटेनला समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटरवर पहाटे पळणाऱ्या शेकडो पोरांनाही बघा. त्यातली बहुतेक पोरं कधीच जिंकत नाहीत. रक्त तर त्यांचंही तेच आहे ना?

आणि सोमवारी लंच टेबलवर कुणी "रक्तातच असतं रे" म्हणालाच, तर त्याला एवढंच विचारा: मग गावसकरचं काय रे, त्याच्या रक्तात होतं की त्याने नेटमध्ये कमावलं होतं?

बघा काय उत्तर येतं ते.