जखम क्षुल्लक, विलंब जीवघेणा

पायात रुतलेले धसकट किंवा कोयत्याचा निसटता वार ही उसाच्या फडात बातमी नव्हे. परंतु अशाच क्षुल्लक जखमेतून काही जंतू त्वचेखालच्या थरात शिरतात, तेथील रक्तपुरवठा तोडतात आणि काही तासांतच आतले मांस सडवत पुढे सरकतात. वैद्यकशास्त्र या रोगाला 'नेक्रोटायझिंग फॅसिआयटिस' म्हणते. आरंभी त्वचा केवळ लालसर, सुजलेली दिसते. वेदना मात्र जखमेच्या मानाने असह्य असते. मृत भागात रक्तच पोचत नसल्यामुळे केवळ इंजेक्शनांनी भागत नाही. सडलेला भाग तातडीने कापून काढावा लागतो. उपचार मिळूनही चार-पाच रुग्णांमागे साधारण एक दगावतो, आणि शस्त्रक्रिया लांबली की हे प्रमाण वाढते.

जंतूला वर्ग कळत नाही. विलंबाला मात्र तो नेमका कळतो. घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या तालुक्यांतून ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाच्या उचलीने बांधलेले असते. एका दिवसाचा खाडा पडला तर मजुरी बुडतेच, वर दंडही कापला जातो. अशा वेळी जखमेवर हळद दाबून 'उद्या पाहू' म्हणणारा मजूर अडाणी नसतो. तो हिशेब करीत असतो, आणि त्या हिशेबाचे आकडे दुसऱ्याने ठरविलेले असतात.

राज्य कामगार विमा कायदा १९४८ सालचा. आजारपणात वेतनाचा काही भाग मिळण्याचा हक्क त्याने नोंदणीकृत कामगाराला दिला. फडावरचा मजूर त्याबाहेरच राहिला. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही, त्याच्यासाठीही हा हक्क कागदावरच उरतो. २०२४ साली जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, हे स्वागतार्हच. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना रुग्णालयातील उपचारांचा भार उचलते. पण रुग्णालयाच्या दारापर्यंत पोचण्यासाठी बुडणारी मजुरी कोणती योजना भरून देते?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात: आजारपणाच्या खाड्यावरील दंड बंद व्हावा, त्या दिवसांची मजुरी मिळावी, फडावरून रुग्णालयात नेण्याची जबाबदारी साखर कारखान्यावर असावी आणि उपजिल्हा रुग्णालयात शल्यचिकित्सक अहोरात्र उपलब्ध असावा. दरम्यान कार्यकर्त्यांनी टोळ्या निघण्यापूर्वी वस्त्यावस्त्यांतून एवढे तरी सांगावे: जखमेच्या मानाने वेदना फार असेल, ताप चढला असेल, लाली पसरत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. मात्र ज्याला वाट न पाहणे परवडत नाही, त्याला नुसता उपदेश करून भागणार नाही. त्याला ते परवडावे, यासाठीच चळवळ आहे.