विश्लेषण : मुलाच्या दप्तरात सिगारेट सापडली, तर पुढे काय?

मुलाच्या दप्तरात सिगारेट सापडली की घरात आधी आवाज चढतो, कधी हातही उठतो. शाळेत कळले तर पालकांना बोलावले जाते. एवढे होऊनही सिगारेट क्वचितच सुटते. बहुतेकदा मुलगा घरापासून लांबची टपरी शोधतो.

प्रश्न किती गंभीर?

२०१९च्या ‘ग्लोबल यूथ टोबॅको सर्व्हे’नुसार देशातील १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करत होते. सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ३८ टक्के मुलांनी तर वयाच्या दहा वर्षांआधीच सुरुवात केली होती.

सिगारेट सुटत का नाही?

धुरातील निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. किशोरवयात मेंदूची वाढ सुरूच असल्याने व्यसन लवकर जडते. सिगारेट बंद केली की चिडचिड होते, झोप उडते, अभ्यासात लक्ष लागत नाही. पहिले काही दिवस सर्वांत कठीण असतात. साधारण दोन ते चार आठवड्यांत हा त्रास ओसरतो. नेमक्या याच काळात घरचे चिडचिडीला उद्धटपणा समजतात, भांडण होते आणि मुलगा पुन्हा टपरी गाठतो.

कायदा कोणाला दोषी धरतो?

२००३च्या ‘कोटपा’ कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला तसेच शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकणे गुन्हा आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७नुसार मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. खिशातल्या पाच-दहा रुपयांत व्यसन लागू नये, यासाठी सुट्या सिगारेटींच्या विक्रीवर महाराष्ट्राने सप्टेंबर २०२०मध्ये बंदी घातली. तरीही टपरीवर सुटी सिगारेट सर्रास मिळते. कायद्याच्या लेखी दोषी विक्रेता आहे, शिक्षा मात्र मुलगाच भोगतो.

घरच्यांनी काय करावे?

सिगारेट कधी, कोणासोबत आणि कशामुळे ओढली जाते, हे न रागावता विचारावे. सोडण्याची तारीख मुलालाच ठरवू द्यावी. परीक्षेचा आठवडा टाळावा. तलफ सहसा काही मिनिटांची असते. तेवढा वेळ पाणी पिणे, चालणे, मित्राला फोन करणे उपयोगी पडते. निकोटिन च्युइंगम डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. ई-सिगारेट हा पर्याय नाही. तिच्यातही सहसा निकोटिन असते आणि २०१९पासून तिच्या विक्रीवर देशभर बंदी आहे. घरात वडील किंवा काका ओढत असतील, तर त्यांनीही सोबत सोडावी.

मदत कुठे मिळेल?

सिगारेटच्या पाकिटावरच छापलेल्या १८००-११-२३५६ या राष्ट्रीय टोल-फ्री क्रमांकावर समुपदेशन मिळते.

सोडल्यानंतर एखादी सिगारेट पुन्हा ओढली गेली, म्हणजे सगळे संपले असे नाही. पण ते घरी सांगण्याची हिंमत मुलाला झाली पाहिजे. शाळांनीही दाखला हातात देण्याआधी समुपदेशकाची वेळ द्यावी आणि गेटसमोरच्या टपरीची तक्रार करावी.