गोष्ट सांगतंय कोण?

कथानक, पात्रं, वातावरण, संघर्ष हे शब्द आपण शाळेत गुणांसाठी पाठ केले आणि पेपर संपताच विसरलो. त्यातल्या ‘निवेदका’ला, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याला, तर बहुतेकांनी लेखकातच जमा करून टाकलं. आमच्या टपालातही हा घोळ दिसतो: कथेतल्या ‘मी’ने शिवी हासडली की रागाची पत्रं लेखकाच्या नावाने! म्हणून या अंकात सगळ्या संज्ञांची उजळणी न करता आम्ही ही एकच धरून बसलो आहोत.

‘बनगरवाडी’ ही कादंबरी (१९५५) आपल्याला दिसते ती धनगरांच्या गावात नव्याने आलेल्या तरुण मास्तराच्या नजरेतून. तिथल्याच एखाद्या धनगराने ती सांगितली असती, तर त्याला कशाचं नवल वाटलं असतं? ‘ययाति’ या कादंबरीत (१९५९) खांडेकर ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना आळीपाळीने बोलू देतात, आणि आधी पटलेला माणूस पुढच्या निवेदनात खटकू लागतो. संज्ञा कामी येते ती इथे. का खटकलं, ते नेमकं सांगता येतं.

तुमची आवडती कथा दुसऱ्या पात्राच्या तोंडून कशी ऐकू येईल? पानभर लिहून पाठवा. निवडक मजकूर पुढच्या अंकात छापू.