ताकद इंजिनात किती आणि गिअरमध्ये किती?

सहावीच्या विज्ञानात 'साधी यंत्रे' हा पाठ आहे. तरफ, कप्पी, उतरण आपण शिकवतो, मुलं व्याख्या पाठ करतात आणि पाठ संपतो. माझं मत असं की याला जोडून गिअर शिकवलाच पाहिजे, आणि तोही जुन्या ट्रकच्या उदाहरणावरून.

१९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी करार करून ट्रक बनवायला घेतले. त्या जुन्या ट्रकचं इंजिन शंभर अश्वशक्तीच्या आसपास. आजच्या छोट्या कारचं इंजिनही ८०-९० अश्वशक्तीचं असतं! तरी ते ट्रक कित्येक टन माल घेऊन घाट चढायचे. कसं काय?

उत्तर गुणाकारात आहे. समजा, पहिल्या गिअरचं गुणोत्तर ६ आणि मागच्या डिफरन्शियलचंही ६. म्हणजे ६ × ६ = ३६. इंजिनाचे ३६ फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा होतो. घर्षणात जातो तेवढा सोडला, तर चाक फिरवण्याचा जोर ३६ पट होतो. टॉप गिअरचं गुणोत्तर १ धरा, मग फक्त ६ पट. वेग वाढला, जोर घटला. यंत्र फुकट काही देत नाही.

वर्गात सायकल उलटी उभी करा आणि दाते मोजायला लावा. पुढे ४४, मागे २२ असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक दोनदा फिरतं. इथे सौदा उलटा आहे. वेग मिळतो, जोर जातो. म्हणून तर चढावर उतरून सायकल ढकलावी लागते! गुणोत्तराचं गणितही इथेच होऊन जातं.

पण हा धडा परीक्षेपुरता नाही. डिझेल वाचवायला काही चालक उतारावर गाडी न्यूट्रल करतात. मग इंजिन चाकांना धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. कारण तेच गुणोत्तर. पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन ३६ वेळा फिरवावं लागतं, म्हणून गाडी आवरली जाते.

आपल्या वर्गातल्या काही मुलांचे वडील आज स्टिअरिंगवर आहेत, काही मुलं उद्या बसतील. व्याख्येच्या दोन गुणांपेक्षा हे 'का' त्यांना कळणं मला जास्त मोलाचं वाटतं.