पाकाची पारख : बोटाची आणि स्फटिकाची

गुऱ्हाळावर गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो आणि गोळी होते का बघतो. कारखान्यात पॅनमन शिजता माल काचेवर घेतो, बोटांत तार धरतो. दोघेही एकच गोष्ट पाहतात : माल किती दाट, किती चिकट. हे मोजमाप आता यंत्राने अखंड करता येते. ते यंत्र आपल्याकडे यावे का, याविषयी आमचे मत सभासद बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

यंत्राचे मर्म साधे आहे. क्वार्ट्‌झच्या स्फटिकावर दाब दिला की वीज उपजते, हे जाक आणि प्येर क्युरी या बंधूंनी १८८० साली दाखविले. उलट, वीज दिली की स्फटिक थरथरतो. मनगटी घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, तो याच गुणावर. असा कंपणारा काटा द्रवात बुडवला की द्रव त्याला अडवतो. दाट द्रवात कंपने मंदावतात, चिकट द्रवात ती लवकर विरतात. पाण्यातून चालणे निराळे आणि चिखलातून चालणे निराळे, तसेच हे.

आता कोणी म्हणेल, यात आमच्या उसाचे काय? माल फार चिकट झाला तर सेंट्रिफ्यूगलमध्ये मळी दाण्यापासून सुटत नाही. मग पाणी जास्त मारावे लागते, दाणा विरघळतो आणि साखर मळीच्या टाकीत जाते. २०२५-२६ हंगामासाठी एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्यास टनाला ३,५५० रुपये ठरली. त्यावर दर ०.१ टक्क्यास टनामागे ३४ रुपये ६० पैसे जादा. पाच लाख टन गाळपावर ०.१ टक्का उतारा म्हणजे पाच हजार क्विंटल साखर. एवढ्यासाठी डोळ्यांत तेल घालून बघायला नको का?

पण भुलून जाऊ नये. यंत्र साखर तयार करीत नाही. ती रानात तयार होते. शिळा ऊस आला तर कोणताही काटा उतारा वाढवणार नाही. शिवाय स्फटिकाच्या पातळ चकतीला आपल्या अंगालगतचा अगदी पातळ थरच कळतो, म्हणून दाणा धरलेल्या मालात तिचा भरवसा नाही. काट्यावर पापुद्रा बसला की आकडा चुकतो. तापमान बदलले की चिकटपणाही बदलतो, म्हणून तापमान सोबत मोजलेच पाहिजे.

तेव्हा आमची सूचना अशी : एकदम सगळीकडे खरेदी नको. दाणा नसलेल्या सिरपच्या नळीवर एकच यंत्र एक हंगाम बसवावे. दर पाळीला त्याचा आकडा प्रयोगशाळेच्या ब्रिक्सशी ताडून वहीत नोंदवावा. चाचणी उतरल्यावरच पुरे पैसे द्यावेत आणि ती वही वार्षिक सभेपुढे ठेवावी. पॅनमनला बाजूला सारू नये; यंत्र वाचायला प्रथम त्यालाच शिकवावे. त्याच्या बोटांना जे कळते, ते आकड्यांशी जुळते की नाही हे तोच सांगू शकेल.

पैसा सभासदांचा आहे. माहितीपत्रकावर नव्हे, वहीतल्या आकड्यांवर तो खर्च व्हावा.